भिंत चालली नसेल, तर वारीही खोटी?

पत्र थोडक्यात असं: वाचक २७ वर्षांची आहे, पुण्यात जीवरसायनशास्त्रात पीएचडी करते. घर तीन पिढ्यांचं वारकरी. वडील, म्हणजे अण्णा, ६१ वर्षांचे. २२ वर्षं न चुकता आळंदीहून पायी पंढरपूरला जातात. यंदा गावच्या सप्ताहात मुलीनं ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसावं आणि मग तुळशीची माळ घालावी, अशी त्यांची इच्छा आहे. ती लिहिते, "रेड्यानं वेद म्हटले, भिंत चालली, तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, यातलं काहीच मला खरं वाटत नाही. लॅबमध्ये पुराव्याशिवाय एक ओळ लिहायची नाही आणि घरी येऊन हात जोडायचे, हे ढोंग झालं. सूर्य स्थिर आहे हे ज्ञानेश्वरांना कोपर्निकसच्या आधी माहीत होतं, असे मेसेज काका रोज पाठवतात. अण्णांना मधुमेह आहे. ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. गेल्या वारीत 'माउली बघून घेईल' म्हणून त्यांनी दोन्ही गोळ्या बंद ठेवल्या. तळव्याला आलेला फोड भरायला दीड महिना लागला. होस्टेलवर मी अंडी खाते, हेही घरी माहीत नाही. सगळं एकदाचं सांगून टाकू, गप्प बसू, की सप्ताहाला जाणंच टाळू?"

तुमच्या पत्रात 'मानणं' हा एकच शब्द पाच निरनिराळ्या गोष्टींसाठी आला आहे. भिंत चालली, हे इतिहासातल्या एका घटनेबद्दलचं विधान आहे. ज्ञानेश्वरांना खगोलशास्त्र माहीत होतं, हे एका ओवीच्या अर्थाबद्दलचं. गोळ्या बंद केल्या तरी माउली सांभाळेल, हे अण्णांच्या शरीराबद्दलचं आहे आणि ते ग्लुकोमीटरवर मोजता येतं. देव आहे, हे या तिन्हींपेक्षा वेगळं. आणि माळ घालणं हे तर विधानच नाही, तो दिलेला शब्द आहे. हे सगळं तुम्ही एका गाठोड्यात बांधलंय, आणि आता ते अख्खं डोक्यावर घ्यायचं की अख्खं नदीत सोडायचं एवढंच विचारताय. काकांचंही गाठोडं तेच आहे, फक्त त्यांनी ते डोक्यावर घेतलंय. लॅबमध्ये एक रीडिंग चुकलं म्हणून तुम्ही सगळी वही फाडत नाही आणि एक बरोबर आलं म्हणून उरलेली न बघता सही करत नाही. घरीही तेवढंच करायचं आहे.

गोळ्यांचा प्रश्न आधी घेऊ, कारण पालखी निघायच्या आत तो सुटायला हवा. इथे पुरावा निर्णायक आहे आणि भीड ठेवायचं कारण नाही. पण गोळ्या बंद करण्यामागे निव्वळ श्रद्धा आहे, असं तुम्ही धरून चाललाय. ते एकदा तपासा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. एकटं मेटफॉर्मिन सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही, ग्लिमेपिराइड नेऊ शकतं. आता वारीचं वेळापत्रक बघा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते, नवमीला पुण्यात येते, दशमीला मुक्काम असतो आणि पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा बहुतेक वर्षी योगिनी एकादशीला येतो. म्हणजे वारीतल्या सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक, तीसेक किलोमीटर चाल, घाटाची चढण आणि त्यात उपास, सगळं एकाच दिवशी. अशा दिवशी नेहमीची गोळी घेतलेल्या माणसाला घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यापुढे अंधारी येणं अगदी शक्य आहे. अण्णांना विचारा, "मागे कधी गोळी घेऊन चालताना गरगरलं होतं का?" उत्तर हो असेल, तर गोळी सोडण्यामागे त्यांचा अनुभव आहे आणि 'माउली बघून घेईल' हे त्या अनुभवाला दिलेलं नाव आहे. त्यांनी जे पाहिलं ते खरं असेल. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला, कारण सगळ्या गोळ्या अठरा-वीस दिवस बंद ठेवल्यावर साखर चढीच राहते, आणि चढ्या साखरेत पायाची जखम भरत नाही.

तेव्हा वारीच्या निदान महिनाभर आधी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. टप्प्यांचा तक्ता आणि एकादशीच्या तारखा सोबत न्या. चालण्याच्या दिवशी कुठली गोळी किती आणि उपासाच्या दिवशी किती, हे कागदावर लिहून घ्या. डोस कमी करायचा की वेळ बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. घरी ठरवू नका. तळपायाची संवेदना तपासायला सांगा. नायलॉनचा बारीक तंतू टेकवून होते, पाच मिनिटांचं काम असतं. संवेदना कमी झाली असेल तर डांबरी रस्त्यावर अनवाणी एक पाऊलही नको, कारण फोड येतोय हे कळणारच नाही. पिशवीत सुती मोज्यांचे तीन जोड, हातात मावेल एवढा आरसा, ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी ठेवा. रोज मुक्कामाला पोचल्यावर आरशात तळवे बघायचे. फोड दिसला तर फोडायचा नाही, आरोग्य पथकाला दाखवायचा. गरगरलं आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. मीटर जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबायचं नाही, आधी साखर. नंतर केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. दिंडीतल्या एका सोबत्याला हे सगळं माहीत असू द्या, कारण साखर फार उतरली की माणसाला स्वतःला काही सुचत नाही.

हे पटवताना "माउलीच गोळी घ्यायला सांगते" असलं काही बोलू नका. तुम्हाला तसं वाटत नाही, आणि ते अण्णांना कळेल. तुकोबा मात्र मनापासून सांगता येतील. १६३० च्या दुष्काळात त्यांच्या पहिल्या पत्नीनं अन्न अन्न करत प्राण सोडला, हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय. देवानं त्यांचं घर वाचवलं नाही. त्यांची भक्ती वाचवल्याच्या पुराव्यावर उभी राहिलेली नाही, ती त्या मरणानंतर उभी राहिली. आणि त्याच तुकोबांनी 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती' असं सरळ विचारलं. कारणाशिवाय कार्य होत नाही, देवाचं नाव घेतलं तरी होत नाही, एवढंच त्यात आहे. नवसानं मूल होत नाही म्हणणाऱ्या तुकोबांना नामानं साखर उतरते हे पटलं असतं का, एवढा एकच प्रश्न अण्णांना विचारून पाहा.

आता काकांच्या मेसेजबद्दल. तो ज्या ओवीवर उभा आहे ती चौथ्या अध्यायातली ९९ वी: 'उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चालतां सूर्याचें चालणें । तैसें नैष्कर्म्यत्व जाणें । कर्मींचि असतां'. फॉरवर्डमध्ये बहुधा पहिले दोनच चरण येतात. चारही वाचले की कळतं, ओवी कर्मयोगावर आहे. उगवण्या-मावळण्यावरून सूर्य चालतो असं वाटतं, पण तो चालत नाही. तसा ज्ञानी पुरुष कर्म करताना दिसतो, पण करत नसतो. सूर्य इथे दृष्टांत म्हणून आला आहे. दिसणं आणि असणं वेगळं असू शकतं हा विचार फार सुंदर आहे, पण त्यातून ग्रहांच्या कक्षा निघत नाहीत. आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटानं इ. स. ४९९ मध्येच नावेचा दाखला देऊन मांडलं होतं. गणितासह. आपल्याकडच्या खगोलशास्त्राचा अभिमानच वाटायचा असेल, तर तिथे खरीखुरी जागा आहे.

असा कुठलाही दावा समोर आला की ओवीचा क्रमांक मागायचा. क्रमांक नसेल तर विषय तिथेच संपला. असेल तर मागच्या दोन आणि पुढच्या दोन ओव्या वाचायच्या. मग बघायचं, की शोध लागण्यापूर्वी या ओवीवरून कुणी तो शोध सांगितला होता का. शोध लागल्यावरच अर्थ सापडत असेल, तर तो आपण घातलेला अर्थ आहे. आणि शेवटचं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: तोच नियम ग्रंथातल्या शेजारच्या दृष्टांताला लावून बघायचा. पहिल्याच अध्यायात चकोराची पिल्लं शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण वेचतात. सूर्याची ओवी खगोलशास्त्र मानायची, तर ही ओवी पक्षिशास्त्र मानावी लागेल, आणि चकोर तर बिया, कोवळं गवत आणि किडे खातो. कोवळ्या मनानं हलकेच कथा ऐकावी, हे सांगणारी मराठीतली एक अत्यंत हळुवार प्रतिमा आपण त्या हिशोबात चुकीची ठरवून बसू. विज्ञानाचा शिक्का मारायच्या नादात ज्ञानेश्वरीचं नुकसान होतं ते इथे. काकांना वादात हरवू नका, हीच ओवी त्यांच्यासोबत बसून वाचा.

चमत्कारांचा पुरावा तपासतानाही सगळ्या कथा एका मापानं मोजू नका. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. भिंत आणि रेडा या कथा आपल्या घरांत ज्या रूपात पोचल्या, ते रूप मुख्यतः ताहराबादच्या महिपतींच्या भक्तिविजयातलं, १७६२ सालचं. मधे ४६६ वर्षं आहेत. महिपती आपले आधारही मोकळेपणानं सांगतात, त्यांच्याआधी संतचरित्रं लिहिणारे नाभाजी आणि उद्धवचिद्घन. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत या चरित्राचे भाग आहेत, पण त्या गाथेत नंतरची भर कुठे आणि किती, यावर अभ्यासकांत वाद आहेत. तेव्हा भिंत खरोखर चालली म्हणायला हा आधार अपुरा आहे, हे तुमचं मत योग्यच आहे.

इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांची गोष्ट जरा वेगळी. तिथे खुद्द तुकोबांचे अभंग आहेत. तेरा दिवस निश्चक्र, म्हणजे कडकडीत उपासाचं, धरणं धरल्याचं ते सांगतात आणि 'उदकीं राखिलें कागद' असंही म्हणतात. हा ज्याच्यावर गुदरलं त्याचाच शब्द आहे, चारशे वर्षांनंतरचा नाही. त्यातून काय सिद्ध होतं? वह्या पाण्यात गेल्या होत्या, त्यांनी उपास धरला होता आणि वह्या वाचल्या असं त्यांना स्वतःला वाटत होतं, इतकं भक्कमपणे म्हणता येतं. कशा वाचल्या, हे त्यातून कळत नाही. "यातलं काहीच खरं वाटत नाही" या तुमच्या वाक्यात हा फरक बुडतो, आणि संशोधकाच्या हातून तो बुडू नये.

"ही सगळी रूपकं आहेत हो, शब्दशः कुणी घेतच नाही" ही पळवाटही घेऊ नका. घेतात. तुमचे अण्णा कदाचित घेत असतील. रूपक म्हणून वाचायचं असेल तर ते तुमचं वाचन म्हणून वाचा. मला रेड्याच्या कथेत संन्याशाची पोरं म्हणून शुद्धिपत्रासाठी पैठणला ताटकळत ठेवलेली भावंडं दिसतात, आणि वेद कुणाच्या मालकीचे आहेत हा प्रश्न दिसतो. पण हे वाचन त्या कथेचा पुरावा नाही, आणि त्याला पुराव्याची गरजही नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात खटकली. पुरावा तपासणं लॅबमधलं आणि श्रद्धा घरातली, अशी वाटणी तुम्ही केली आहे. ज्या ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसायचा तुम्हाला संकोच वाटतो, तिची आजची संहिता आपल्यापर्यंत आली तीच अशा तपासणीतून. एकनाथांच्या काळापर्यंत पाठांतरानं आणि नकला करणाऱ्यांच्या हातांनी ग्रंथात चुका शिरल्या होत्या. ते माउलींचे निस्सीम भक्त. पण पोथी पवित्र म्हणून जशीच्या तशी पुजली नाही त्यांनी. संहिता तपासून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तसं शेवटी लिहून ठेवलं. पुढे बजावलं, की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं जाणा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. मूळ काय आणि मागून घातलेलं काय, याबद्दलची ही चाड भक्तीतून आली होती. पारायणाला बसाल तेव्हा ग्रंथाच्या शेवटी त्या ओव्या काढून बघा.

संशय घेणं परंपरेबाहेरचं नाही, याला याहून जुना आधारही आहे. गीताभाष्यात अठराव्या अध्यायाच्या ६६ व्या श्लोकावर लिहिताना शंकराचार्य म्हणतात, अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही. जे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, तिथे शास्त्राचा शब्द चालत नाही. शास्त्राचा अधिकार प्रत्यक्ष आणि अनुमान जिथे पोचत नाहीत, तिथे. ही सीमारेषा नीट समजली तर गोळ्यांचा आणि कोपर्निकसचा प्रश्न तिच्या अलीकडे पडतो.

पलीकडे काय? देव आहे का, हा प्रश्न. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. वर सांगितलेल्या कशानंही देव सिद्ध होत नाही. एकनाथ काटेकोर होते म्हणून विठ्ठल आहे, असं होत नाही. आपल्याकडे वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारला, सांख्यांना तो सिद्ध होतो असं वाटलं नाही, आणि न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत त्याच्या सिद्धीसाठी एकामागून एक अनुमानं रचली. हजार वर्षांनंतरही त्यावर एकमत नाही. तुम्हाला ती अनुमानं पटली नाहीत, तर "मला माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. ते घाईनं हो किंवा नाही करायची गरज नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिलालेख आणि पोथ्या यांच्या आधारे वैष्णव पंथांचा इतिहास कठोरपणे लावत, आणि प्रार्थना समाजात तुकोबांच्या अभंगांवर प्रवचनंही करत. चमत्कार, अवतार न मानता. तो एक मार्ग. देव न मानता अभंगांवर जीव टाकणारे मराठीत कमी नाहीत, तोही मार्ग आहे. तुमचा कुठला, हे सप्ताहाच्या तारखेच्या आत ठरवायला हवं असं नाही.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांबद्दल माझं मत असं. सप्ताह टाळू नका. टाळलात तर कारण सांगावं लागेल आणि ते खोटं सांगाल. पारायणाला बसा. भिंत चालल्याची कबुली तिथे कुणी मागत नाही, ग्रंथ वाचायला सांगतात, आणि तो वाचण्यासारखा आहे. हात जोडणं ढोंग आहे का? ज्यांच्यामुळे आपल्याला भाषा मिळाली त्यांच्यापुढे वाकायला काही हरकत मला दिसत नाही. तुम्हाला आतून टोचत असेल तर नुसतं बसा, डोळे उघडे ठेवा. सगळं एकदाचं सांगून टाकणं मात्र नको. "मी काहीच मानत नाही" हे वाक्य सप्ताहाच्या मांडवात अण्णांना त्यांच्या २२ वाऱ्यांवरचा निकाल वाटेल, आणि तुम्हाला तसं म्हणायचंही नाहीये.

माळ मात्र घालू नका. निदान आत्ता नको. माळकऱ्याला देव सिद्ध करावा लागत नाही, त्याला शब्द पाळावा लागतो: मांसाहार नाही, एकादशी, नित्य हरिपाठ, वर्षाची वारी. तुम्ही अंडी खाता आणि ती सोडायचा तुमचा विचार पत्रात दिसत नाही. ढोंग व्हायचंच असेल तर ते इथे होईल. भिंतीबद्दल शंका असलेला माळकरी खोटा नसतो. गळ्यात माळ आणि ताटात ऑम्लेट, हे खोटं. अण्णांना हेच सांगा, आणि अंड्यांसकट सांगा. "माळेचा शब्द मला आज पाळता येणार नाही, म्हणून तो देत नाही." ज्या माणसानं २२ वर्षं नेम पाळलाय, त्याला नेमाबद्दलचा हा आदर समजेल. राग येईल, पण तो अंड्यांचा असेल.

चमत्कारांचं बोलणं निघालंच, तर सुरुवात भिंतीपासून करू नका. अण्णा नेमकं काय मानतात हे तुम्ही अजून त्यांना विचारलेलंच नाही. सगळं तुमच्या अंदाजानं चाललंय. दुपारच्या विसाव्याला, मांडवात माणसं कमी असताना विचारा, "अण्णा, घाट चढताना तुम्हाला कुठली ओवी आठवते?" ते सांगतील ती पोथीत काढा आणि मागच्या दोन, पुढच्या दोन ओव्यांसकट त्यांच्याकडून वाचून घ्या.